मेंदूबाहेरची गाठ आणि चारशे वर्षांच्या नोंदी

१/
'मेंदूची गाठ' म्हटले की ती मेंदूच्या आत, मेंदूच्याच पेशींतून वाढलेली असणार, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात कवटीच्या आत प्रथमतः उद्भवणाऱ्या गाठींपैकी एक-तृतीयांशाहून अधिक गाठी मेंदूच्या नसतातच. मेंदू आणि मज्जारज्जू यांना वेढणाऱ्या आवरणांतून त्या वाढतात. त्यांना 'मेनिन्जिओमा' म्हणतात. हे नाव शंभर वर्षांचे आहे. गाठीचे लेखी वर्णन मात्र चारशे वर्षांपूर्वीचे. या दोहोंमधल्या आणि नंतरच्या काळाचा हा धागा.

२/
हा इतिहास सहसा धाडसी शल्यविशारदांची यशोगाथा म्हणून सांगितला जातो. धाडस होते, यात शंका नाही. परंतु या गाठीविषयीचे सर्वांत महत्त्वाचे प्रश्न शस्त्रक्रियेच्या टेबलावर सुटणारे नव्हते. रुग्ण घरी गेल्यावर पुढे काय झाले? गाठ परतली का? किती वर्षांनी? त्यांची उत्तरे मिळवण्यासाठी कुणीतरी दहा, वीस, तीस वर्षे नोंदी ठेवणे भाग होते. त्या नोंदी ठेवणाऱ्यांची नावे मात्र फारशी कुणाला ठाऊक नसतात.

३/
आधी थोडी शरीररचना. मेंदूभोवती तीन आवरणे असतात. बाहेरचे ड्यूरा मॅटर जाड आणि चिवट, कवटीला आतून अस्तरासारखे लागलेले. मधले ॲरॅक्नॉइड कोळ्याच्या जाळ्यासारखे. आतले पिया मॅटर अत्यंत तलम, मेंदूच्या प्रत्येक घडीत शिरलेले. हीच आवरणे खाली पाठीच्या कण्यात उतरून मज्जारज्जूला वेढतात. नावांतील 'मॅटर' म्हणजे आई. अरबी वैद्यांनी या आवरणांना 'उम्म', म्हणजे माता, म्हटले होते. बाराव्या शतकात अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये नेणाऱ्या अनुवादकांनी तो शब्द तसाच उतरवला.

४/
स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील वैद्य फेलिक्स प्लाटर यांचा रुग्णनिरीक्षणांचा ग्रंथ १६१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका सरदाराची हकिकत आहे. सुमारे दोन वर्षांत त्याची बुद्धी हळूहळू मंदावत गेली. शेवटी तो आग्रहाशिवाय जेवेना, सांगितल्याशिवाय अंथरुणाकडे जाईना. मृत्यूनंतर प्लाटर यांनी कवटी उघडली. आत मध्यम आकाराच्या सफरचंदाएवढी, टणक, स्वतःच्या वेष्टनात गुंडाळलेली गाठ होती.

५/
प्लाटर यांनी एक गोष्ट विशेषत्वाने टिपली : या गाठीचा मेंदूच्या द्रव्याशी कोठेही जोड नव्हता. ती बाहेरून दाबत होती आणि काढल्यावर तिच्या जागी खळगा राहिला. सूक्ष्मदर्शक वैद्यकात येण्यापूर्वीचे, नुसत्या डोळ्यांनी केलेले हे निरीक्षण मेनिन्जिओमाचे पहिले खात्रीलायक वर्णन मानले जाते. माणसाची बुद्धी हरपली होती आणि मेंदू स्वतः मात्र केवळ दबला होता. दाब वेळेत दूर झाला असता तर? १६१४ साली या प्रश्नाला अर्थ नव्हता, कारण जिवंत माणसाच्या डोक्यात ही गाठ आहे हे ओळखण्याचा मार्गच नव्हता.

६/
अठराव्या शतकात वैद्यांना ही गाठ दिसे ती कवटी फोडून बाहेर आल्यावर. पॅरिसचे शल्यविशारद आंत्वान लुई यांनी १७७४ साली ड्यूरा मॅटरच्या 'अळंबीसारख्या गाठीं'वर विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला. गिलोटिनच्या रचनेशी ज्यांचे नाव पुढे जोडले गेले, तेच हे लुई. हाड पोखरून टाळूखाली अळंबीप्रमाणे उगवणाऱ्या या वाढीचे मूळ हाडात नसून आवरणात आहे, हे त्यांनी अनेक रुग्णांचे वृत्तांत एकत्र ठेवून मांडले. एकेका रुग्णावरून जे कळत नव्हते ते वृत्तांत शेजारी-शेजारी ठेवल्यावर कळू लागले.

७/
इटलीतील सिएना येथे प्राध्यापक पेक्किओली यांनी १८३५ साली अशी गाठ काढली आणि रुग्ण जगला. भूल देण्याची पद्धत १८४६ नंतर रूढ झाली. जंतुनाशक शस्त्रक्रिया १८६७ नंतर. म्हणजे ही शस्त्रक्रिया जागेपणी आणि जंतूंविषयी कोणतीही कल्पना नसलेल्या काळात झाली. सिएनाबाहेर तिचा गाजावाजा झाला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यक-इतिहासाच्या अभ्यासकांनी ती पुन्हा उजेडात आणली.

८/
पुढच्या चार दशकांत तीन गोष्टी जुळून आल्या : भूल, निर्जंतुकता आणि मेंदूचा नकाशा. ब्रोका यांनी १८६१ साली वाचेचे केंद्र दाखवले. फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी १८७० साली कुत्र्याच्या मेंदूला विजेने चेतवून हालचालींचे क्षेत्र दाखवले. शरीराच्या कोणत्या भागाला झटके येतात त्यावरून कवटीत नेमके कोठे उघडावे, हे आता ठरवता येऊ लागले. क्ष-किरण यायला १८९५ उजाडणार होते. तोवर वैद्याचे निरीक्षण हाच प्रकाश होता.

९/
ग्लासगोमध्ये २७ जुलै १८७९ रोजी विल्यम मॅकेवन यांनी १४ वर्षांच्या मुलीच्या कवटीतून ड्यूराला चिकटलेली गाठ काढली. लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत त्यांनी काटेकोरपणे पाळली होती. मुलगी बरी झाली आणि कामाला लागली. आठ वर्षांनी ती मूत्रपिंडाच्या विकाराने वारली. शवविच्छेदनात गाठ परतल्याचे कोणतेही चिन्ह आढळले नाही. मॅकेवन यांच्या यशाचा खरा पुरावा १८७९ चा नसून या आठ वर्षांनंतरच्या तपासणीचा आहे.

१०/
रोममध्ये फ्रान्चेस्को दुरान्ते यांनी १८८४ साली ३५ वर्षांच्या स्त्रीच्या कपाळामागील गाठ काढली. तिची घ्राणशक्ती आणि स्मरणशक्ती गेली होती, डावा डोळा जागचा ढळला होता. फिलाडेल्फियात विल्यम कीन यांनी डिसेंबर १८८७ मध्ये २६ वर्षांच्या एका गाडी बनवणाऱ्या कारागिराच्या डोक्यातून मोठी गाठ काढली. तो त्यानंतर तीस वर्षे जगला. उतारवयातील कीन यांना आपल्याच रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासता आला.

११/
पाठीच्या कण्याची कथा याच वर्षाची. लंडनमध्ये एक सैनिकी कॅप्टन तीन वर्षे पाठीतील असह्य वेदनेने तळमळत होता. पाय लुळे पडले होते. विल्यम गॉवर्स यांनी वेदनेच्या पातळीवरून मज्जारज्जूवर दाब देणाऱ्या गाठीचे निदान केले. ९ जून १८८७ रोजी व्हिक्टर हॉर्स्ली यांनी मणक्यांची कमान उघडली. अपेक्षित जागी काहीच नव्हते. त्यांनी वरचे मणके उघडत नेले, तेव्हा रज्जूला खेटलेली छोटी गाठ सापडली. कॅप्टन पुन्हा चालू लागला. आवरण उघडून मज्जारज्जूवरील गाठ काढण्याची ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया.

१२/
हॉर्स्ली यांनी काढलेल्या गाठीला तेव्हा वेगळेच नाव दिले गेले होते. पण तिची जागा आवरणाच्या आत आणि रज्जूच्या बाहेर होती. कण्यातील मेनिन्जिओमाही नेमक्या याच फटीत वाढतात, बहुतांशी छातीच्या पातळीवर आणि स्त्रियांमध्ये अधिक. फट अरुंद असल्याने बोराएवढी गाठही पाय लुळे करू शकते. उलट, ती पूर्ण निघाली तर रज्जू स्वतः शाबूत असल्याने पायांत पुन्हा बळ येऊ शकते.

१३/
या यशांच्या शेजारी एक अपयश ठेवले म्हणजे चित्र स्पष्ट होते. लंडनमध्येच नोव्हेंबर १८८४ मध्ये रिकमन गॉडली यांनी मेंदूच्या आतील गाठ काढली. जागेचे निदान अचूक होते. पण ती गाठ मेंदूच्याच ऊतीतून उपजली होती आणि रुग्ण महिन्याभरात जंतुसंसर्गाने दगावला. त्या काळातील दीर्घ जगलेले रुग्ण बहुधा आवरणांच्या गाठींचे होते. मेंदूच्या शस्त्रक्रियेला स्वतःवर विश्वास ठेवायला शिकवले ते या मेंदूबाहेरच्या गाठींनी.

१४/
गाठ एक आणि नावे अनेक, अशी तोवर स्थिती झाली होती. कुणी तिला अळंबी म्हणे, कुणी सार्कोमा, कुणी एन्डोथेलिओमा. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फिर्खो यांना काही गाठींत वाळूसारखे कण दिसले, म्हणून त्यांनी वाळूवरून 'सॅमोमा' हे नाव दिले. क्लीलँड यांनी १८६४ साली आणि मार्टिन श्मिट यांनी १९०२ साली दाखवले की या गाठींच्या पेशी मधल्या आवरणाच्या, म्हणजे ॲरॅक्नॉइडच्या पेशींशी जुळतात. म्हणजे गाठ ड्यूराला चिकटलेली असली तरी मूळ तिच्या आतल्या शेजाऱ्यात होते.

१५/
नावांमधील गोंधळ ही केवळ पंडितांची अडचण नव्हती. एका इस्पितळातील 'सार्कोमा' आणि दुसऱ्यातील 'सॅमोमा' हा एकच आजार असेल, तर कोणत्याही दोन नोंदींची तुलना करता येत नव्हती. अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९२२ साली लंडनमधील कॅव्हेन्डिश व्याख्यानात 'मेनिन्जिओमा' हा शब्द मांडला. पेशींच्या वादात न पडता तो केवळ ठिकाण सांगत होता : आवरणांची गाठ. शब्द साधा होता, म्हणूनच टिकला.

१६/
कुशिंग यांचा या गाठीशी संबंध एका प्रसिद्ध रुग्णामुळे घट्ट झाला होता. लेनर्ड वुड हे हार्वर्डमध्ये शिकलेले डॉक्टर, पुढे अमेरिकी सेनापती आणि क्यूबाचे लष्करी गव्हर्नर. क्यूबात असताना टेबलावरून उठताना वर टांगलेल्या दिव्यावर त्यांचे डोके जोरात आपटले. काही वर्षांनी डाव्या पायाला झटके येऊ लागले. १९०५ साली बॉस्टनमध्ये झालेल्या शस्त्रक्रियेने टिकाऊ आराम पडला नाही. आघातामुळेच गाठ झाली का, हा प्रश्न तेव्हापासून चर्चिला जात आहे.

१७/
फेब्रुवारी १९१० मध्ये कुशिंग यांनी बाल्टिमोर येथे वुड यांच्या कवटीच्या वरच्या मध्यरेषेलगतची गाठ दोन टप्प्यांत काढली. ही जागा अवघड. येथे ड्यूराच्या घडीत मेंदूतील रक्त वाहून नेणारा मोठा शिरामार्ग असतो, आणि पायाच्या हालचालींचे केंद्र त्याला लागूनच. वुड लवकर सावरले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते अमेरिकी भूदलाचे प्रमुख झाले. १९२० साली रिपब्लिकन पक्षाच्या शिकागो अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी सुरुवातीला तेच आघाडीवर होते. अखेर उमेदवारी हार्डिंग यांना मिळाली.

१८/
येथे इतिहासाच्या अभ्यासकाला एक मोह होतो. मार्च १९०६ मध्ये फिलिपिन्समधील बुद दाहो येथे वुड यांच्या अधिपत्याखालील सैन्याने स्त्रिया आणि मुलांसह शेकडो मोरो लोकांना ठार केले. तेव्हा गाठ त्यांच्या डोक्यात होती. परंतु तिची ज्ञात लक्षणे पायाची होती, विवेकाची नव्हती. निकाल लष्करी हुकमांचा आणि वसाहतवादी धोरणाचा होता. त्याचा दोष गाठीवर ढकलणे म्हणजे माणसाला आणि सत्तेला जबाबदारीतून मोकळे करणे होय.

१९/
१९२१ पासून वुड फिलिपिन्सचे गव्हर्नर-जनरल होते. या काळात डावा पाय पुन्हा ओढला जाऊ लागला, मग हातही दुबळा झाला. गाठ परतली होती. ६ ऑगस्ट १९२७ रोजी कुशिंग यांनी बॉस्टनमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या दिवशी मेंदूतील रक्तस्रावाने वुड यांचा मृत्यू झाला. सतरा वर्षांपूर्वीचा विजय सतरा वर्षांनी अपुरा ठरला. 'सौम्य' म्हणून ओळखली जाणारी गाठ किती काळ वाट पाहू शकते, याचा हा धडा कुशिंग यांना फार महागात मिळाला.

२०/
आता त्या नोंदींकडे. लुइझ आयझेनहार्ट १९१५ साली कुशिंग यांच्या कार्यालयात संपादन-साहाय्यक म्हणून रुजू झाल्या. तेथील हस्तलिखिते हाताळता हाताळता त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेण्याचे ठरवले आणि १९२५ साली टफ्ट्स विद्यापीठातून पदवी मिळवून त्या मेंदूच्या विकृतिशास्त्राच्या तज्ज्ञ म्हणून परतल्या. शस्त्रक्रिया चालू असताना गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिचा प्रकार सांगणे हे त्यांचे काम. प्रत्येक गाठीची नोंद आणि रुग्णाचा पुढचा ठावठिकाणा त्या वर्षानुवर्षे लिहीत राहिल्या.

२१/
कुशिंग आणि आयझेनहार्ट यांचा मेनिन्जिओमावरील महाग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. आधार ३१३ रुग्णांचा. ग्रंथाच्या उपशीर्षकात वर्गीकरणाबरोबर 'जीवनक्रम' आणि 'शस्त्रक्रियेचे अंतिम परिणाम' हे शब्द आहेत. गाठीला जीवनक्रम असतो, ती कवटीतील जागेनुसार वेगळी वागते, हे सांगायला कापण्याचे कौशल्य पुरेसे नव्हते. पत्रव्यवहार, पुनर्तपासण्या आणि शवविच्छेदने लागली. आयझेनहार्ट पुढे १९४४ साली निघालेल्या 'जर्नल ऑफ न्यूरोसर्जरी'च्या पहिल्या संपादक झाल्या. त्यांनी जपलेला गाठींचा संग्रह आज येल विद्यापीठात आहे.

२२/
वुड यांच्या वाट्याला आलेल्या प्रश्नाचे आकड्यांतील उत्तर १९५७ साली मिळाले. ऑस्ट्रेलियन शल्यविशारद डोनाल्ड सिम्पसन यांनी ऑक्सफर्डमधील जुन्या रुग्णनोंदी तपासल्या. गाठीबरोबर तिने ग्रासलेले आवरण आणि हाडही काढले असेल, तर ती परतण्याचे प्रमाण सुमारे ९ टक्के. गाठीचा काही भाग मागे राहिला असेल, तर ते दहापैकी चारांच्या आसपास. गाठ काढणे आणि तिचे मूळ काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून निर्विवाद झाले. सिम्पसन यांची श्रेणी आजही वापरात आहे.

२३/
गाठ होते कशामुळे, या प्रश्नाचे एक दुःखद उत्तरही नोंदींतूनच आले. नव्याने स्थापन झालेल्या इस्रायलमध्ये १९४८ ते १९६० या काळात, मुख्यतः उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतून आलेल्या हजारो स्थलांतरित मुलांच्या डोक्यावरील गजकर्णासाठी क्ष-किरण दिले गेले. तेव्हा तो जगभर मान्य उपचार होता. यांपैकी सुमारे १०,८०० जणांचा दीर्घकालीन पाठपुरावा झाला. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यात मेनिन्जिओमाचा धोका नऊ पटींहून अधिक होता. १९९४ साली इस्रायलने नुकसानभरपाईचा कायदा केला. मूल शाळेत असताना घेतलेला उपचार आणि प्रौढपणी आढळलेली गाठ यांमधील धागा कोणत्याही एका डॉक्टराला दिसण्याजोगा नव्हता.

२४/
स्त्रियांमध्ये ही गाठ सुमारे दुपटीने अधिक आढळते. गरोदरपणात दृष्टीची लक्षणे बळावतात, हे कुशिंग आणि आयझेनहार्ट यांनी १९२९ सालीच लिहून ठेवले होते. पुढे अनेक गाठींच्या पेशींत प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाला प्रतिसाद देणारे ग्राहक सापडले. सायप्रोटेरोन या औषधाच्या मोठ्या मात्रांवर युरोपात २०२० साली निर्बंध आले. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनच्या दीर्घकाळ घेतलेल्या इंजेक्शनांशी गाठीचा संबंध फ्रान्समधील राष्ट्रीय आरोग्य-नोंदींतून २०२४ साली दाखवला गेला. १९२९ च्या एका निरीक्षणाला पुरेशी मोठी नोंदवही मिळायला जवळजवळ शतक लागले.

२५/
आणि एक अनपेक्षित वळण. १९७१ साली लंडनमध्ये पहिले सीटी स्कॅन झाले, पुढे एमआरआय आले, आणि न शोधता गाठी सापडू लागल्या. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे २,००० प्रौढांच्या मेंदूच्या एमआरआय तपासणीत ०.९ टक्के लोकांत मेनिन्जिओमा आढळला, असे २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यांना तो असल्याची कल्पनाही नव्हती. अशा अनेक गाठी वर्षानुवर्षे वाढत नाहीत किंवा अगदी संथ वाढतात. म्हणून आज लक्षणे नसलेल्या लहान गाठीला कित्येकदा हात लावला जात नाही. ठरावीक काळाने पुन्हा चित्र काढून जुन्या चित्राशेजारी ठेवले जाते.

२६/
एखाद्या रुग्णाला 'गाठ सौम्य आहे, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू' असे सांगितले जाते तेव्हा ते वाक्य पुष्कळदा टाळाटाळीसारखे वाटते. त्यामागे ग्लासगोच्या मुलीची आठ वर्षे आहेत, फिलाडेल्फियाच्या कारागिराची तीस, वुड यांची सतरा, आयझेनहार्ट यांचे ३१३ रुग्ण आणि क्ष-किरणांखाली बसवलेली हजारो मुले. वाट केव्हा पाहावी आणि केव्हा पाहू नये, हे त्यांच्या आयुष्यांच्या नोंदींवरून ठरत आले आहे. त्या नोंदी अजून पूर्ण झालेल्या नाहीत. पुन्हा तपासणीला येणारा प्रत्येक रुग्ण त्यांत एक ओळ वाढवत असतो.